झेंडूच्या हाराआडचा ठिपका

श्रीरंग कुंभोजकरच्या सांगलीतल्या घराचं दार कुणाला वाजवावं लागत नसे. पाहुणा फाटकाशी आला की दार त्याचा चेहरा ओळखायचं, नाव घेऊन स्वागत करायचं आणि आपणहून उघडायचं. टाळावेत अशा पाहुण्यांसाठीही ते तेवढ्याच प्रेमानं उघडायचं, ही त्याची खोड काढणं श्रीरंगला तीन वर्षांत जमलं नव्हतं. त्याची बायको वृषाली म्हणायची, "आपली कडीच बरी होती. लावली की लागायची."

श्रीरंगला कडीचं कौतुक कधीच नव्हतं. वीज मंडळात लोकांचे मीटर तपासण्यात उभी हयात गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यानं घरातल्या प्रत्येक वस्तूला मीटर बसवलं. उशी झोपेला गुण द्यायची. किटली मनगटपट्टीला विचारल्याशिवाय तिसरा चहा करायची नाही. चष्मा समोरच्या माणसाचं नाव काचेच्या कोपऱ्यात दाखवायचा. तो दुरुस्तीला गेला त्या आठवड्यात श्रीरंगनं बावीस वर्षं शेजारी राहणाऱ्या मगदूमांना "आपली कुठंतरी भेट झालीय," असं सांगितलं होतं. मगदूम अजून ते विसरले नव्हते.

दर बुधवारी तो 'रंगाची पेटी' नावाचा आपला ऑनलाइन कार्यक्रम भरवायचा. नवं यंत्र आलं की आधी खोक्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं, मग कात्री, मग बोलणं. चार लाख लोक हे बघायचे. त्यात निम्मे त्याच्याच वयाचे, ज्यांना अक्षरं मोठी कशी करायची हे विचारायला पोरांची लाज वाटायची. श्रीरंग त्यांना एकच गोष्ट दहा वेळा सांगायचा आणि अकराव्यांदा विचारलं तरी चिडायचा नाही. माणूस मनानं चांगला होता, यात वाद नाही. फक्त तो एका वेळी एकाच ठिकाणी असायचा, आणि ते ठिकाण बहुधा एखाद्या पडद्याच्या आत असायचं.

म्हणून 'दुजा' निघाला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद श्रीरंगला झाला.

दुजा म्हणजे तुमच्यासारखं दिसणारं आणि तुमच्यासारखं बोलणारं पडद्यावरचं रूप. ते बनवायला तुमचे निरोप, तुमचे फोन, तुमच्या चित्रफिती सगळं यंत्राला वाचायला द्यायचं. श्रीरंगकडे वीस वर्षांचा साठा होता. दुजा विचार करत नाही. तो अंदाज बांधतो. हा माणूस, या वेळी, या माणसाशी काय बोलेल, याची हजार वाक्यं तो क्षणात जुळवतो आणि त्यातलं एक उचलतो. कोणतं उचलायचं, त्यात खरी मेख होती. आपलं हृदय ठोके देतं तसतसा चेहऱ्याचा रंग किंचित बदलतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतं. त्यावरून दुजा समोरच्याची नाडी मोजायचा, आवाजातला कंप ऐकायचा, पापण्यांची उघडझाप बघायचा आणि ज्या वाक्यानं समोरचा शांत होईल ते वाक्य बोलायचा. त्यामुळे लोकांना स्वतः श्रीरंगपेक्षा श्रीरंगचा दुजा जास्त आवडू लागला होता. मगदूम तर म्हणायचे, "तुम्हाला नको, त्यालाच द्या फोन."

फसवणूक होऊ नये म्हणून सरकारनं नियम केला होता. दुजा बोलत असेल तर पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात नारिंगी ठिपका दिसलाच पाहिजे. श्रीरंगनं नियम कधी मोडला नाही. त्यानं दुजाला एक जादा मुभा मात्र देऊन ठेवली होती, किरकोळ होकार देण्याची. वास्तुशांत, साखरपुडा, सत्कार, कुणाकुणाला 'हो, येतो' म्हणायचं ते दुजा परस्पर म्हणायचा आणि संध्याकाळी थोडक्यात अहवाल द्यायचा. रोजचे चाळीस अहवाल यायचे. श्रीरंग प्रत्येकाच्या पहिल्या दोन ओळी वाचायचा.

त्या वर्षी भाऊबीजेलाच पुण्यात नव्या यंत्रांचं मोठं प्रदर्शन होतं. वृषाली तिच्या भावाकडे मिरजेला गेली. श्रीरंगची बहीण शैलजा गडहिंग्लजला राहायची. ती नऊ वर्षांनी मोठी, त्याची अक्का. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ती पंधराची. तेव्हापासून त्याची वेणीफणी सोडून सगळं तिनंच केलं होतं. गेली चार वर्षं भाऊबीज पडद्यावरच व्हायची. अक्काला ते आवडत नसे, पण तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

श्रीरंगनं ठरवलं, पाच मिनिटं दुजाला बसवायचं, तोवर आपण गर्दीतून बाहेर येऊन फोन घ्यायचा. तेवढ्यात त्याच्या हातात कुणीतरी तांदळाच्या दाण्याएवढा प्रोजेक्टर ठेवला. श्रीरंग तो उलटासुलटा करून बघू लागला आणि पाच मिनिटांचे तीन तास झाले. संध्याकाळी अहवाल आला. 'भाऊबीज पार पडली. समोरची व्यक्ती समाधानी.' त्याखाली तिसरी ओळ होती, 'दिलेली वचनं: एक.' ती त्यानं वाचली नाही.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, तो दात घासत असताना आरशावर आठवण उमटली. 'शुक्रवार, सकाळी आठ. कोल्हापूर. शैलाक्काच्या ऑपरेशनला हजर राहणे.'

"वृषाली, आरसा बिघडलाय," तो ओरडला.

वृषालीनं येऊन वाचलं. "आरसा कशाला बिघडेल? अक्कांचं कसलं ऑपरेशन? तुम्हाला माहीत नाही?"

"मला कसं माहीत असेल?"

"वचन तुम्ही दिलंय म्हणतोय हा."

मग त्यानं भाऊबीजेची नोंद उघडली आणि दोघं पलंगाच्या कडेला बसून ती बघू लागले.

पडद्यावर अक्काचं घर दिसलं. तिनं नवी इरकल नेसली होती. भिंतीवरच्या पडद्यासमोर पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. सणासुदीला घरातल्या यंत्रांना हार घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. अक्कानं दिवाळीत पडद्यालाही झेंडूचा हार घातला होता, चांगला टपोरा. तो वरच्या चौकटीवरून दोन्ही बाजूंनी खाली आला होता आणि उजवा कोपरा त्यात पूर्ण बुडाला होता.

"ठिपका," वृषाली हळूच म्हणाली. "अहो, त्यांना ठिपका दिसलाच नाही."

अक्कानं दुजाच्या कपाळी, म्हणजे काचेवर, कुंकवाचा टिळा लावला. अक्षता टाकल्या. निरांजन तीनदा फिरवलं. दुजा हसला, अगदी श्रीरंगसारखा, ओठ डावीकडे ओढून. मग तबक खाली ठेवून ती समोरच बसली.

"रंगा, एक सांगू? कुणाला बोलू नकोस."

"बोल की अक्का. आज वेळच वेळ आहे मला," दुजा म्हणाला.

तिचा चेहरा उजळला. मग ती बोलू लागली. हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. दोन जिने चढले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टर वर्षभर मागं लागले होते आणि ती आज-उद्या करत होती. मुलगी अश्विनी सुरतेला, तिला सातवा महिना. तिच्या जिवाला घोर नको म्हणून तिला सांगितलं नव्हतं.

"भूल दिली आणि उठलेच नाही तर, रे?"

"असं काही होत नाही अक्का. आता छाती उघडत नाहीत. मांडीच्या रक्तवाहिनीतनं बारीक नळी घालून झडप बसवतात. तू करून टाक. तारीख ठरव, सकाळी आठच्या ठोक्याला मी तिथं असेन."

मग दुजानं तिला एक आठवण सांगितली. आई गेल्यावर वर्षभर तो अक्काच्या परकराचा काठ मुठीत धरून झोपायचा आणि अक्का रात्रभर कूस बदलायची नाही. ही गोष्ट श्रीरंगनं 'रंगाच्या पेटी'त एकदा सांगितली होती, चार लाख लोकांना. अक्काला मात्र कधी सांगितली नव्हती.

अक्का पदर तोंडाशी धरून रडली. "तुला आठवतं होय ते? कधी बोलला नाहीस." थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाली, "तू म्हणतोस तर करते." पुढं तारीख ठरली तीही तिनं दुजालाच कळवली होती.

श्रीरंगनं पडदा बंद केला. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की बायकोकडे बघवेना.

"आता काय करायचं?" तो म्हणाला. "शुक्रवारी गुपचूप जाऊन उभा राहतो. तिला काय कळतंय?"

"आणि पुढं? जन्मभर काचेवरच्या त्या टिळ्यावर जगणार?"

"खरं सांगितलं आणि ती नाही म्हणाली तर? माझ्या शब्दावर तयार झालीय ती."

"तुमच्या कुठं?" वृषाली म्हणाली. पण लगेच तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बुधवारी 'रंगाची पेटी' पहिल्यांदाच भरली नाही. श्रीरंग गडहिंग्लजला पोचला तेव्हा अक्का व्हरांड्यात सुपात डाळ निवडत बसली होती. दोन पावलांवरची खुर्ची तिनं त्याला ओढून दिली, तर तेवढ्यानं तिला धाप लागली. दवाखान्याची पिशवी दाराशी भरून तयार होती.

"आज कसा आलास? शुक्रवारी ना यायचं? जेवलास का?"

"अक्का, आत चल जरा."

पडद्यावर झेंडूचा हार तसाच होता, वाळून काळपट झालेला. श्रीरंगनं दुजाला सुरू केलं आणि हार बाजूला सारला. कोपऱ्यात नारिंगी ठिपका जळत होता. समोर तो उभा होता आणि पडद्यातही तोच हसत होता. मग त्यानं सगळं सांगितलं. पुणं, प्रदर्शन, पाच मिनिटं, न वाचलेली तिसरी ओळ. काही लपवलं नाही.

अक्कानं पडद्याजवळ जाऊन त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे मी कुणाला ओवाळलं?"

श्रीरंगनं पडदा बंद केला.

"तीन दिवस तो टिळा पुसला नाही मी. काचेवर फडकं फिरवायला जीव होईना. रंगाच्या कपाळाचा टिळा म्हणून."

"चुकलो, अक्का."

"गप्प बस." ती उठून स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचे आवाज येत राहिले, काही धुवायचं नसतानाही. ती परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. "डॉक्टरला फोन कर. शुक्रवारी येत नाही म्हणून सांग."

"असं कसं? झडप..."

"माझा भाऊ म्हणाला म्हणून मी हो म्हटलं. भाऊ तर काही म्हणालाच नाही. मग माझा होकार पण नाही."

श्रीरंगच्या मनगटपट्टीला त्याची वाढलेली धडधड कळली आणि चष्म्याच्या काचेवर वाक्यं उमटू लागली. 'अक्का, मी आहे ना.' 'हल्ली हे अगदी सोपं झालंय.' 'अश्विनीच्या बाळाचा विचार कर.' एकाखाली एक, निवडून ठेवलेली, यशाच्या शक्यतेसकट. शेवटच्या वाक्यापुढे ब्याण्णव टक्के असा आकडा होता. श्रीरंगनं चष्मा काढला. त्याच्याशिवाय त्याला अक्काचा चेहरा धूसरच दिसत होता.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"कसली?"

"सगळ्याची. तू केलं नाहीस तर काय होईल त्याची. केलंस तरी काय होईल त्याची. कालपासून भाकरी गिळवत नाही मला. करून टाक असं तोंड वर करून मी तुला सांगू शकत नाही गं. तेवढं धाडस नाही माझ्यात. आई गेली तेव्हा तू होतीस. तूच आत गेलीस तर मी बाहेर कुणाकडं बघू?"

आणि साठी उलटलेला, चार लाख लोकांना यंत्रं समजावणारा श्रीरंग कुंभोजकर बहिणीच्या घरात खुर्चीवर बसून हमसून रडला.

अक्का खुर्चीजवळ आली.

"तो असलं काही बोलला नाही."

"कोण?"

"तुझा तो. तासभर बोलला, एकदा म्हणून घाबरला नाही. मला वाटलं, आमचा रंगा अखेर मोठा झाला. बरं पण वाटलं आणि वाईट पण वाटलं. म्हटलं, आता ह्याला आपली काही गरज नाही. राहिले काय आणि गेले काय." तिनं पदरानं त्याचं तोंड खसाखसा पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, कातडं निघेल असं. "कशाचा मोठा झालायस! घोडा आहेस नुसता."

श्रीरंग नाक ओढत राहिला.

"शुक्रवारी येणार का?"

"येणार."

"सोबत यंत्रंबिंत्रं?"

"काही नाही."

"मग ठेव तो फोन. डॉक्टरला काही सांगू नकोस." ती व्हरांड्यातलं डाळीचं सूप उचलायला वळली. "तुला असा मागं टाकून मी मरते होय?"

त्यानं धीर करून विचारलं, आता तरी ओवाळशील का? अक्कानं ठाम नकार दिला. भाऊबीज वर्षातनं एकदाच येते, चुकवली ती चुकवली, आता पुढच्या वर्षी ये, असं सांगून ती भाकरी टाकायला गेली. ती रागावलेली होतीच. पण भाकरी दोघांपुरत्या केल्या, आणि तो गिळतो की नाही हे समोर बसून बघितलं.

शुक्रवारी श्रीरंग आणि वृषाली साडेसातलाच कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचले. आठला अक्काला आत नेलं. जाताना ती वृषालीला म्हणाली, "ह्याला चहा पाजत राहा." श्रीरंगकडे फक्त बघून घेतलं.

नोंदणीच्या फलकावर विचारलं होतं, 'थांबणार कोण? नातेवाईक की दुजा?' खाली सूचना होती. 'आपला दुजा डॉक्टरांकडून सर्व माहिती घेईल. आपण निश्चिंतपणे घरी जावे.' आतल्या खोलीत खुर्च्या थोड्या आणि पडदे लावायचे स्टँड जास्त होते. चार स्टँडवर चार चेहरे होते, कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, चौघेही योग्य तेवढे काळजीत, प्रत्येकाच्या कोपऱ्यात नारिंगी ठिपका. महिन्यापूर्वी श्रीरंगनं या सोयीवर एक अख्खी 'पेटी' केली असती. आज तो त्यांच्याकडे पाठ करून बसला.

मनगट मोकळं होतं. किती वाजले, नाडी किती, काही कळत नव्हतं. साधा चष्मा घातला होता, त्यावर एक अक्षरही उमटत नव्हतं. आत काय चाललंय ते जाणून घ्यायचा काही मार्ग नव्हता. तो दाराकडे बघायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. वृषालीनं तीन चहा आणले, तिन्ही थंड झाले.

पावणेदहाला दार उघडलं आणि एक सिस्टर बाहेर आल्या. चारही पडद्यांनी एकदम मान वर केली.

"शैलजा बेडगे यांचे भाऊ?"

"मी," श्रीरंग म्हणाला. तो उठून उभा राहिला.

"झालं. झडप नीट बसलीय. शुद्धीवर आहेत, बोलतायत."

वृषालीनं डोळे मिटून हात जोडले. सिस्टर मात्र गेल्या नाहीत. जरा अवघडून त्या पुढं आल्या आणि त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला.

"रागावू नका हं. त्यांनी डोळे उघडल्या उघडल्या मला हे काम सांगितलंय. म्हणाल्या, बाहेर जा आणि हात धरून बघ. कापत असला, तर तो माझाच भाऊ."